नाकाची रुंदी आणि जातीचे कुंपण

आमच्या महाविद्यालयात मानववंशशास्त्र हा विषय नाही. तालुक्याच्या ठिकाणचे कला-वाणिज्य महाविद्यालय. मराठी, हिंदी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र एवढ्यावर आमची विद्या संपते. मी इतिहास शिकवतो. गेली तीन वर्षे शनिवारी दुपारी तास संपल्यावर दहा-बारा विद्यार्थी माझ्याबरोबर बसतात आणि आम्ही मानववंशशास्त्र वाचतो. परीक्षा नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. यांतली बहुतेक मुले माझ्यासारखीच आहेत, म्हणजे घराण्यात पदवीपर्यंत पोचणारे पहिलेच माणूस. कुणी पहाटे दूध घालून येतो, कुणी ऊसतोडीला आईबापांबरोबर जातो आणि हंगाम संपल्यावरच वर्गात दिसतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही आर. ई. एन्थोव्हेन यांच्या ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथातील काही पाने वाचत होतो. १९२० ते १९२२ या काळात निघालेले हे तीन जाडजूड खंड. प्रत्येकाने प्रथम आपापली जात शोधली. मीही विद्यार्थी असताना तेच केले होते. एका मुलीने आपल्या जातीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला, पुस्तक मिटले आणि म्हणाली, “सर, हे शास्त्र आमच्यावर झालंय. आता ते आम्हीच शिकून काय करायचं?”

तिला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे. पण आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या प्रश्नाचे एक तयार उत्तर आज आपल्याच चळवळीत, आपल्याच मुलांच्या मोबाइलवर फिरते आहे: शास्त्राने सिद्ध झाले आहे की आमचे रक्त वेगळे, त्यांचे रक्त वेगळे, आम्ही मूळचे, ते बाहेरचे, हे पाहा डीएनएचे टक्के. मला हे उत्तर मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगायचे तर या शास्त्राच्या इतिहासात शिरावे लागते. शिवाय ते उत्तर बाबासाहेबांनी १९१६ सालीच नाकारले होते, हेही सांगावे लागते.

मुलीचा प्रश्न माझ्या मनात का रुतला, त्याचे कारण माझ्या लहानपणात आहे. मी सातवीत असताना एका संशोधन संस्थेची तीन माणसे आमच्या वस्तीत आली होती. छापील कागद होते. आईला त्यांनी विचारले, तुमच्यात पोतराज असतात का, मेलेल्या जनावराचे मांस केव्हा सोडले, देव कोणते. आईने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीकडे बोट केले. तो माणूस म्हणाला, “ते झालं हो, पण मूळचे कोणते?” ‘मूळचे’ या शब्दावर आईचा चेहरा उतरला, तो मला आजही आठवतो. कागद भरून ते गेले. त्या कागदांचे पुढे काय झाले, ते आम्हांला कुणी सांगितले नाही.

म्हणून हे शास्त्र आपण शिकायचे ते कुठे आणि कोणाकडून, याचाही विचार करावा लागतो. आम्ही शनिवारी जे पुस्तक वाचतो ते विद्यापीठातल्या बड्या प्राध्यापकांनी केलेले नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये असतात. पहिले १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे निघाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशी महाविद्यालये गावोगाव काढावीत असे सुचवले आणि हे नाव रूढ झाले. प्रवेशाला गुणांची चाळणी नाही. कॅलिफोर्नियात तर १९८४ पर्यंत तिथल्या रहिवाशांना शिक्षणशुल्कच नव्हते. कामगारांची, स्थलांतरितांची, काळ्यांची, मुले सांभाळून शिकणाऱ्या आयांची ही महाविद्यालये. तिथे मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना १९७८ पासून आहे. त्यांनी २०१७ साली ‘पर्स्पेक्टिव्हज’ नावाचे पाठ्यपुस्तक तयार केले आणि ते कुणालाही फुकट वाचता येईल असे खुले केले. आमच्या महाविद्यालयाच्या एका जुन्या छपाईयंत्रावर मी त्याची काही प्रकरणे काढली. इंग्रजी सोपे आहे, तरी आम्हांला एका प्रकरणाला दोन-दोन महिने लागतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढताना मराठवाड्यातल्या ज्या मुलांना विद्यापीठाचा रस्ताही ठाऊक नव्हता त्यांचा विचार होता. आपली एक अख्खी साहित्यिक पिढी त्या आवारात घडली.

आणखी एक धागा आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ग्रोव्ह स्ट्रीटवर मेरिट कॉलेज हे असेच दोन वर्षांचे महाविद्यालय होते, काळ्यांच्या वस्तीत. १९६० नंतरच्या वर्षांत ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे दोघे तिथले विद्यार्थी. आम्हांला आमचा इतिहास शिकवा, ही मागणी तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांनी लावून धरली. या दोघांनी १९६६ च्या ऑक्टोबरात ब्लॅक पँथर पक्ष काढला, आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव घेतले. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, त्वेष घेतला. पण ज्या फुकट महाविद्यालयाच्या बाकावर ही मुले वाचायला आणि भांडायला शिकली, त्या बाकाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९७१ साली ते महाविद्यालय वस्तीतून उचलून टेकडीवर नेले. वस्तीचा विरोध होता, तो जुमानला नाही. शाळा-महाविद्यालय वस्तीपासून किती अंतरावर आहे, हा प्रश्न आपल्यालाही कुणी नव्याने शिकवायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे. हे शास्त्र आमच्यावर झाले म्हणजे काय झाले?

मराठीत आपण या शास्त्राला मानववंशशास्त्र म्हणतो. नावाच्या मधोमध ‘वंश’ येऊन बसला आहे. मूळ ग्रीक घटकांत तो नाही; त्यांचा अर्थ माणसाविषयीची विद्या, एवढाच. वंश आपल्या भाषांतरकारांनी घातला, आणि तो उगाच घातला असेही म्हणता येत नाही, कारण ज्या काळात हे शास्त्र भारतात आले त्या काळात ते खरोखरच वंशाचे शास्त्र होते. त्याचे हत्यार होते कॅलिपर, म्हणजे दोन वाकड्या पायांची मोजपट्टी. डोके आणि नाक मोजायचे. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक. सत्तरच्या आत आला तर नाक सरळ, पंच्याऐंशीच्या वर गेला तर बसके, मधले ते मध्यम. हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने बंगाल आणि उत्तर भारतात हजारो लोकांची नाके अशी मोजवून घेतली आणि १८९१ साली निष्कर्ष काढला की माणसाची सामाजिक पायरी त्याच्या नाकाच्या रुंदीच्या उलट्या प्रमाणात असते. नाक जितके रुंद तितकी जात खाली! हाच रिस्ली १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. त्या जनगणनेत जातींना प्रतिष्ठेच्या क्रमाने लावण्याचा उद्योग झाला आणि देशभरच्या जातसभांनी आम्हांला वरची पायरी द्या म्हणून अर्जांचा पाऊस पाडला. मनुस्मृतीला जे पोथीत करावे लागले, ते आता सरकारी तक्त्यात होऊ लागले.

हे नुसते पुस्तकी खूळ होते असे कुणी समजू नये. याच काळात लष्करी आणि बिगरलष्करी वंश अशी विभागणी करून सैन्यभरतीचे धोरण बदलले गेले, आणि ज्या महारांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. पेन्शनरांच्या घरात जी थोडी अक्षरओळख, थोडा पैसा, थोडा ताठ कणा आला होता, त्याची वाट अडवली गेली. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले ते या अन्यायाविरुद्ध. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले आणि पोलीसपाटलाच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही. माझ्या वर्गातल्या एका पारधी मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

वलंगकरांनी आपल्या संस्थेचे नाव ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ ठेवले होते. म्हणजे साहेबाच्या शास्त्राने दिलेला ‘अनार्य’ हा शब्द त्यांनी उचलला आणि उलटा फिरवला. त्याआधी जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त आर्यांच्या स्वारीचा सिद्धान्त असाच उलटा फिरवला होता. तुम्ही बाहेरून आलेले विजेते म्हणून मिरवता ना? मग तुम्ही लुटारू, आणि आम्ही या भूमीचे धनी. ज्या काळात ब्राह्मण विद्वान स्वतःच आर्यवंशाचा टेंभा मिरवत होते त्या काळात हे उत्तर बिनतोड होते. त्यात आत्मसन्मान होता. त्या उत्तराचे ऋण आपल्यावर आहे. परंतु वादात समोरच्याचे हत्यार हिसकावून घेणे वेगळे आणि त्या हत्याराला सत्य समजून देव्हाऱ्यात ठेवणे वेगळे.

१९१६ सालाकडे वळू. एकाच वसंत ऋतूत अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. मला त्या नेहमी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

१९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी एक उपाशी माणूस सापडला. तो याही या आदिवासी समूहातला. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवले. स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नाही अशी त्याच्या लोकांची रीत होती, म्हणून क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्या भाषेत इशी म्हणजे माणूस. तो संग्रहालयात झाडलोट करी, पगार घेई आणि रविवारी प्रेक्षकांसमोर बाणांची पाती घडवून दाखवी. २५ मार्च १९१६ रोजी तो क्षयाने मेला. क्रोबर त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्याचे प्रेत फाडू नका, असे त्यांनी तळमळून लिहिले होते. पत्र पोचण्यापूर्वीच प्रेत फाडले गेले आणि मेंदू काढून ठेवला गेला. आणि पुढे त्याच क्रोबर यांनी तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला. १९९९ साली त्याचा शोध लागला आणि २००० साली तो त्याच्या नातलग जमातींना परत मिळाला. चौऱ्याऐंशी वर्षे ‘माणूस’ नावाच्या माणसाचा मेंदू साठ्यात पडून होता. क्रोबर दुष्ट नव्हते; इशीवर त्यांची माया होती. पण शास्त्राच्या चौकटीत माणूस एकदा नमुना झाला की माया पुरत नाही, हे त्यांच्यावरून दिसते. बर्कले येथील इमारतीवरचे त्यांचे नाव २०२१ साली काढण्यात आले.

इशीच्या मृत्यूनंतर दीड महिन्याने, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य; क्रोबरही बोआस यांचेच, त्यांनी कोलंबियात घडवलेले पहिले डॉक्टर. एकाच विद्यापरंपरेच्या एका टोकाला मेंदूची बरणी आहे आणि दुसऱ्या टोकाला भीमराव रामजी आंबेडकर निबंध वाचत आहेत. ज्यांना मोजायचे त्यांच्यापैकी एक जण मोजणाऱ्यांच्या बाकावर येऊन बसला होता.

त्याने तिथे काय केले, हे नीट पाहिले पाहिजे. आपले बहुतेक कार्यकर्ते या निबंधाचे नाव जाणतात, वर्ष जाणतात. युक्तिवाद फार थोड्यांनी वाचलेला असतो. नाक कुणाचे किती रुंद, या वादात बाबासाहेब शिरतच नाहीत. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या ते तपासतात. रिस्लीला ते दोन ओळींत बाजूला करतात. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषात वाढलेले असल्यामुळे त्यांना जातीच्या मुळाशीही वर्णच दिसतो, असे ते सुनावतात. भारतातील लोक वेगवेगळ्या वंशांच्या मिश्रणातून झाले आहेत, हे ते गृहीतच धरतात. मग प्रश्न बदलतात. हे लोक कोण, हा प्रश्नच नव्हे. मिसळलेल्या लोकांचे तुकडे कसे पाडले गेले आणि ते तुकडे पुन्हा मिसळू नयेत म्हणून काय करावे लागले, हा प्रश्न.

उत्तर एका शब्दात: अंतर्विवाह. जातीतच लग्न. भारतात मुळात बहिर्विवाहाची, म्हणजे गोत्राबाहेर लग्न करण्याची चाल होती. तिच्यावर अंतर्विवाह लादला गेला तेव्हा जात जन्मली. आता कुंपण घातलेल्या गटात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे, नाहीतर कुणीतरी कुंपण ओलांडणारच. नवरा मेला की बायको ‘शिल्लक’ राहते. तिचे काय करायचे? एक तर नवऱ्याच्या चितेवर जाळायची, नाहीतर जन्मभर विधवा ठेवून तिचे माणूसपण मारायचे. बायको मेली की पुरुष शिल्लक राहतो. पण तो पुरुष आहे, त्याला जाळून चालत नाही, त्याचे काम आहे, त्याचा मान आहे. मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तिन्ही चाली म्हणजे कुंपण राखण्याची यंत्रणा आहे. त्यांची थोरवी गाणारे श्लोक मागाहून आले. आणि हे कुंपण प्रथम घातले ब्राह्मण वर्गाने. बाकीच्यांनी काही अनुकरणाने घातले, आणि काहींना दारे बाहेरून बंद झालेली आढळली.

जातीच्या प्रश्नाच्या मध्यभागी स्त्रीचे शरीर आहे, हे पंचवीस वर्षांच्या तरुणाने १९१६ मध्ये मांडले. आपल्या साहित्यात आणि सभांत ते मध्यभागी यायला आणखी कित्येक दशके लागली. हाही आपल्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो पुरुषांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोजपट्टीचा शेवट मोजणाऱ्यांनीच केला, हीही गमतीची गोष्ट आहे. बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून सुमारे अठरा हजार माणसे मोजली आणि दाखवून दिले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांसारखा राहत नाही. जी कवटी वंशाची अढळ खूण म्हणून मिरवली जात होती ती एका पिढीत बदलली. आपल्या इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होत्या. गोऱ्यांच्या कवट्या जास्त असमान असतात आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असे फिशरसाहेबांचे अनुमान. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध नाही, असे गुरूच्या तोंडावर लिहिले. हे धाडस मोठे होते; फिशर पुढे नाझी राजवटीचे वंशशास्त्रज्ञ झाले. पण त्याच बाई पुण्याला परतल्यावर महाराष्ट्रातल्या जातीजातींची मापे घेत राहिल्या. दांडेकरांबरोबरचा त्यांचा तो ग्रंथ १९५१ साली निघाला. बर्लिनमध्ये खोटी ठरलेली मोजपट्टी महाराष्ट्रात पुन्हा पेटीतून बाहेर का निघाली, हे कोडे मला सुटलेले नाही. सवय, असेच म्हणावे लागते.

बाबासाहेबांनी ती मोजपट्टी एकदा हातात घेतली, ती मोडण्यासाठी. १९३२ साली घुर्ये यांनी रिस्लीच्याच आकड्यांची फेरमांडणी केली होती. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या प्रश्नावर १९४८ साली ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी तेच तक्ते उचलले आणि दाखवले की संयुक्त प्रांतातल्या ब्राह्मणाचे माप पंजाबातल्या अस्पृश्य चुहड्याच्या जवळ जाते. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड. म्हणजे अस्पृश्यतेचे कारण वंशात नाही. १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथातही त्यांनी आर्यवंशाचा सिद्धान्त असाच फेटाळला होता.

आता मोबाइलवरचे टक्के घ्या. २००१ साली आंध्रमधील काही जातींचा एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या जातींतील पुरुषांकडून आलेला वारसा युरोपीयांच्या अधिक जवळचा, असे त्यात आढळले. त्याच वर्षी दरबानला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली आणि जात म्हणजे वंशभेदच काय, हा वाद पेटला. तेव्हापासून ते टक्के फिरताहेत. त्यातले आकडे खोटे नाहीत. वेगवेगळ्या समूहांत वेगवेगळ्या पूर्वजांचे प्रमाण कमीअधिक आहे. पण त्याच विद्येने पुढे जे सांगितले ते कुणी पाठवत नाही. २०१३ साली अमेरिकेतील आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवले की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक सर्रास एकमेकांत मिसळत होते. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक समूहात ते मिश्रण आहे. आणि मग मिसळणे थांबले. २०१६ साली कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी, विशेषतः वरच्या जातींच्या बाबतीत, हे थांबणे सुमारे सत्तर पिढ्यांमागचे सांगितले. आधी मिश्रण, मग कुंपण. १९१६ चा निबंध याहून वेगळे काय सांगत होता? जनुकशास्त्राची यंत्रे नव्हती, केवळ तर्क आणि घरात पाहिलेले जग होते.

जो कार्यकर्ता डीएनएचे टक्के दाखवून छाती फुगवतो त्याला माझे विचारणे आहे: उद्या प्रयोगशाळेने तुमच्यात ‘त्यांचे’ रक्त जास्त दाखवले, तर तुमचा लढा संपला काय? आणि खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या शाळकरी दलित मुलाला मारून टाकले, ते वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून. तिथे कुणी नाक मोजले होते? कुंपणाची राखण चालली होती. या देशात जातीबाहेरची लग्ने शंभरात जेमतेम पाचच्या आसपास आहेत.

आणि कुंपण फक्त त्यांचेच नाही. सोमवंशी, लाडवण, बावणे, अंधवण हे शब्द १९५६ नंतर पुसले जायला हवे होते. आमच्या भागात लग्नाची बोलणी सुरू झाली की पंचशील म्हणून झाल्यावर, चहा घेताना, हळूच कुणीतरी पाहुण्यांना विचारतेच: “तुम्ही कोणत्यातले?” आईला त्या संशोधकाने विचारले होते, त्याहून हा प्रश्न फार वेगळा नाही. फरक इतकाच की इथे विचारणारे आपले मामा असतात.

म्हणून त्या मुलीचा प्रश्न मी पुढच्या शनिवारी पुन्हा घेतला. एन्थोव्हेन बाजूला ठेवला. मानववंशशास्त्रज्ञांची एक साधी रीत आहे, नातेसंबंधांचा आराखडा. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा, अपत्यासाठी खाली उभी रेघ. कागद आणि पेन्सिल पुरते. मी सांगितले, प्रत्येकाने आपल्या घरातल्या चार पिढ्या काढायच्या. प्रत्येक सुनेचे माहेर, प्रत्येक लेकीचे सासर, लग्नाचे वय, आणि पोटजात कळली तर तीही. आजीला विचारा, आत्याला विचारा, पण कागद पुढे करून विचारू नका, भाकरी करताना विचारा.

तीन आठवड्यांनी कागद आले. कुणाच्या कागदावर साठ लग्ने, कुणाच्या ऐंशी. ती सगळी जवळच्या चार-पाच तालुक्यांतली. ऊसतोडीच्या मुलाच्या कागदावर लग्नाची वये तेरा, चौदा, तेरा अशी होती. कोयत्याला जोडी लागते म्हणून लवकर लावून देतात, असे त्याने सांगितले. म्हणजे मुकादमाची उचलही मुलीचे वय ठरवते. हे कोलंबियाच्या निबंधात नव्हते, ते आमच्या पोराने भर घातले. एका मराठा विद्यार्थ्याने, तोही येतो आमच्यात, आपल्या कागदावर कुळींचे आकडे टाकले होते आणि म्हणाला, “सर, आमच्यातही आत आत कुंपणं आहेत, मोजताच येईनात.” पोटजातीबाहेरचे लग्न असलेले कागद बारांत दोन निघाले. जातीबाहेरचे एकही नाही.

प्रश्न विचारणारी मुलगी शेवटी आली. तिच्या कागदावर वडिलांच्या पिढीत तीन त्रिकोण आणि दोन वर्तुळे होती. दुसरे वर्तुळ पेन्सिलने काढून पुसलेले दिसत होते. मी काही विचारले नाही. ती आपणहून म्हणाली, “ही आत्या आहे. तिनं बाहेर लग्न केलं. घरात तिचं नाव काढत नाहीत. आजीनं मोजताना तिला सोडलंच. मला चुलतीनं सांगितलं.” मग विचारले, “काढू का?”

वर्गातले कुणी काही बोलले नाही. तिने माझ्याकडून शाईचे पेन घेतले, वर्तुळ पुन्हा गिरवले, त्याच्या उजवीकडे दोन आडव्या रेघा ओढल्या आणि पलीकडे एक त्रिकोण काढला. त्या माणसाचे नाव तिला ठाऊक नव्हते. ते विचारून येते, म्हणाली.